डिपॉझिट ४५ हजार गेलंच, वर आणखी ६२ हजार मागतायत. भाडेकरूने नक्की काय काय भरायचं?

भाड्याचा_संसार, फोंडा

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. फोंड्याला एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके घेऊन राहत होतो, अकरा अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असं तीनदा केलं म्हणजे एकूण पावणेतीन वर्षं. भाडं १५ हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ४५. मालक दुबईला असतात, इथलं सगळं त्यांचा मेहुणा बघतो. ३१ मेला घर खाली करून चाव्या दिल्या, तेव्हा मेहुणा घरभर फिरला, काही बोलला नाही, "डिपॉझिट आठ दिवसांत येईल" म्हणाला. आठ दिवसांनी डिपॉझिट नाही, बिल आलं व्हॉट्सॅपवर.

आता बिल ऐका. पूर्ण घराचं पेंटिंग ३८ हजार. हॉलचं फॉल्स सिलिंग १८ हजार. किचनचा ग्रॅनाइट ओटा २२ हजार. मागच्या बेडरूमच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग १२ हजार. बाथरूमचं दार ७, गीझर साडेसहा, सफाई ४. टोटल १ लाख ७ हजार ५००, त्यातून डिपॉझिट वजा करून ६२ हजार ५०० "लवकरात लवकर पाठवणे".

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही हे आधीच सांगतो. ओटा आमच्यामुळेच गेला. माझा मेव्हणा आला होता, त्याने कोयता शोधायचा कंटाळा केला आणि नारळ सरळ ओट्याच्या कडेवर आपटला, सिंकच्या बाजूला केसाएवढी चीर पडली, ती वर्षभरात बोटभर रुंद झाली. सिलिंगचंही तसंच. दोन चवथी (गणेशचतुर्थी) त्या घरात केल्या, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची चौकट, ती बांधायला वर काही नव्हतं म्हणून फॉल्स सिलिंगलाच चार हूक मारले. पहिल्या वर्षी निभावलं. दुसऱ्या वर्षी आरती चालू असताना एक कोपरा तवशी (काकडी), केळीचा घड आणि दोन नारळांसकट खाली आला. गणपतीला काही झालं नाही, सिलिंगला झालं. आणि हो, हॉलच्या भिंतीवर माझ्या मुलीने क्रेयॉनने हत्ती काढलाय, तो पुसला जात नाही.

पण बेडरूमची भिंत पश्चिमेकडची, पहिल्याच पावसात आतून ओल आली, मी तेव्हाच फोटो पाठवला होता, मालकांचा रिप्लाय अजून आहे, "पाऊस संपला की बघूया". तीन पाऊस असेच गेले. बाथरूमचं दार खालून फुगलंय ते पाण्याने, गीझर आम्ही यायच्या आधीपासूनचा. अॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय, घर मिळालं तसं परत करायचं आणि नुकसान झाल्यास "मालक ठरवतील ती रक्कम" द्यायची. यावर मी सही केलीय. तर हे सगळं मला भरावंच लागणार का? कोणी अनुभवी असेल तर सांगा, बायको म्हणते सोड डिपॉझिट आणि गप्प बस, पण ६२ हजार कुठून आणू.

चिकू_मडगाव

एक पैसा देऊ नका आधी. कोरा चेक वगैरे दिला नाही ना सिक्युरिटी म्हणून?

भाड्याचा_संसार

नाही बाब, तेवढं वाचलो.

कोर्टाची_पायरी, म्हापसा

वकिली करते, बरीचशी कामं घरभाड्याचीच, म्हणून लिहिते. तुमचे कागद बघितल्याशिवाय हा सल्ला धरू नका पण दिशा म्हणून वाचा.

पहिली गोष्ट, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्ट १८८२ चं कलम १०८. भाडेकरूने काय करायचं आणि मालकाने काय, हे त्यात आहे. त्यातलं (एम) पोटकलम तुमच्यासाठी. घर ज्या स्थितीत ताब्यात मिळालं त्या स्थितीत सांभाळायचं आणि सोडताना तसंच परत करायचं, पण दोन गोष्टी वगळून. एक म्हणजे नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि दुसरी म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. म्हणजे "मिळालं तसं परत" याचा अर्थ नवंकोरं परत असा होत नाही. गोव्याच्या दमट हवेत तीन पावसाळे काढलेल्या भिंतीचा रंग फिका पडणार, पोपडे सुटणार, ही झीज. त्याचे ३८ हजार तुमच्याकडून मागणं म्हणजे मालक आपलं घर तुमच्या पैशाने रंगवून घेतोय. हत्तीचा भाग वेगळा, तेवढी भिंत तुम्ही द्या.

त्याच कलमात (ओ) आहे, की शहाणा माणूस स्वतःचं घर जसं वापरेल तसं वापरायचं, मोडतोड करायची नाही, कायमचं नुकसान होईल असं काही करायचं नाही. ओटा आणि सिलिंग त्यात बसतात, तुम्ही स्वतःच कबूल केलंय. आणि मेव्हण्याने केलं म्हणून सुटका नाही हं, पाहुणा तुमचा, जबाबदारी तुमची.

आता भिंत. ओल बाहेरून येत असेल तर ते मालकाचं काम. मालकावर ज्या दुरुस्त्या बंधनकारक आहेत त्या त्याने नोटीस मिळूनही योग्य वेळेत केल्या नाहीत तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च व्याजासकट भाड्यातून कापू शकतो, हे (एफ) मध्ये आहे. तुम्ही ते केलं नाहीत ठीक आहे, पण तुम्ही पहिल्याच पावसात कळवलं होतं हे तुमच्या मोबाइलमध्ये आहे. तो मेसेज सोन्याचा आहे. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, त्यात फाइलची हॅशसुद्धा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, द्यावी लागते, नुसता स्क्रीनशॉट छापून नेला की झालं असं नसतं.

"मालक ठरवतील ती रक्कम" याला घाबरू नका. करार कायदा १८७२, कलम ७३ आणि ७४. नुकसान झालं त्याची वाजवी भरपाई मिळते, दंड म्हणून वाटेल तो आकडा नाही. करारात आकडा लिहिलेला असला तरी तो वरची मर्यादा असतो, आपोआप मिळणारी रक्कम नसते. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या खटल्यात स्पष्ट केलंय की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं. इथे तर सगळं मोजता येण्यासारखं आहे. मालकाला खर्चाचा पुरावा दाखवावा लागेल, नुसता आकडा नव्हे, आणि जुन्या वस्तूला नव्याची किंमत लावता येणार नाही. मी तर नेहमी विचारते, गीझर किती सालचा? तिथे अर्धी मंडळी गप्प होतात.

एक खाच आहे. तुमचा कागद लायसन्सचा आहे. कलम १०८ लीजला म्हणजे भाडेपट्ट्याला लागतं, लायसन्सला म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीला कराराच्या अटी लागतात. पण कागदावर लीव्ह अँड लायसन्स छापलं म्हणून ते लायसन्स होत नाही. १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मथळा बघायचा नाही, व्यवहाराचं खरं स्वरूप बघायचं, घराचा पूर्ण ताबा तुमच्याकडे होता का वगैरे. आणि समजा लायसन्सच धरलं तरी कलम ७३-७४ सुटत नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणात शेवटी फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

गोव्याचा १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा इथे फारसा उपयोगाचा नाही. त्यात घराची किंमत किंवा उपयोग बराच कमी होईल असं नुकसान हे भाडेकरूला काढण्याचं एक कारण आहे, त्यासाठी भाडे नियंत्रकाकडे अर्ज करायचा. तुम्ही तर आधीच निघालात.

शेवटचं घर_म्हापसा

मी दुसऱ्या बाजूची आहे, मालकीण. सगळे मालक लुटारू असं वाटून घेऊ नका म्हणून लिहिते.

सासऱ्यांचं जुनं घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, चुन्याचा गिलावा, हॉलला तांबडी सिमेंटची फरशी, इतकी गुळगुळीत की आमची मुलं त्यावर घसरगुंडी खेळायची. तिघा मुलांना राहायला दिलं, चांगली सुशिक्षित. सहा महिन्यांनी लाइट बिल बघितलं तर तिप्पट. गेले बघायला तर स्वयंपाकघरात दोन फ्रीझर, हॉलमध्ये मोठी भट्टी, ऑनलाइन ऑर्डरी घेऊन जेवण पुरवायचा धंदा. एक्झॉस्टचा पाइप बाहेर काढायला चिऱ्याच्या भिंतीला हातभर भोक, नुसतं फोडलेलं, वर ना पत्रा ना काही. जुलैचं पाणी त्यातून भिंतीत मुरलं आणि गिलावा आतून फुगून पोळीसारखा सुटला. आणि त्या तांबड्या फरशीवर भट्टी ठेवली होती, खाली वीटसुद्धा नाही, तिथे फरशी तडकून परातीएवढा तुकडा उडालेला. तशी फरशी आता करणारा माणूस मिळत नाही हो. कोणीतरी आलं, सिमेंट भरून तांबडा रंग लावून गेलं, जखमेवर पट्टी मारल्यासारखं दिसतं. रोज त्याच्यावरून जाते.

डिपॉझिट ३० हजार होतं, खर्च त्याच्या दुपटीच्या वर. माझ्याकडे काय होतं? ताबा देतानाचा एकही फोटो नाही. त्यांचा वकील म्हणे भोक आधीपासूनच होतं! सुदैवाने शेजाऱ्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते, त्यात मागे माझी भिंत अख्खी दिसत होती. त्या फोटोंवर निभावलं. लोक अदालतीत बसून हप्त्याहप्त्याने २० हजार मिळाले, बाकीचे सोडले.

तर भाड्याचा_संसार, तुमचं बिल फुगवलेलं आहे हे खरंच, पण "झीज" हा शब्द भाडेकरूही रबरासारखा ताणतात. तुम्ही पावसात खिडक्या बंद ठेवून ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालत होता की नाही? खरं सांगा.

भाड्याचा_संसार

घालत होतो ताई. जुलैमध्ये फोंड्यात बाहेर कुठे वाळवणार?

चिरा_आणि_चुना, मडगाव

हा हा. आता माझ्या धंद्याचं आलं. बांधकामाची कामं घेतो, दुरुस्तीची जास्त, आणि मालक-भाडेकरू भांडणात "तूच सांग कोणाची चूक" म्हणून मला पुष्कळदा उभं करतात, चहा दोघांकडून मिळतो, पैसे एकाकडूनही नाही.

ओल कुठून येते ते डाग बघून कळतं. कपडे वाळवून, खिडकी बंद ठेवून जी बुरशी येते ती काळी ठिपक्याठिपक्यांची, कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, छताच्या कडेला, हाताने पुसली की जाते, खालचा गिलावा कडक असतो. बाहेरून मुरलेलं पाणी वेगळं. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, पांढरं मिठासारखं वर येतं, बोटाने दाबलं तर गिलावा भुसभुशीत, आणि डागाला पिवळी तपकिरी कडा असते, नकाशासारखी. पश्चिमेची भिंत म्हणालात म्हणजे पाऊस वाऱ्यासकट थेट तिच्यावरच आपटतो, बाहेरच्या प्लास्टरला चिरा असणार किंवा खिडकीचा छज्जा आखूड असणार. त्याला आतून वॉटरप्रूफिंग करून उपयोग नाही, बाहेरून करायला पाहिजे आणि बाहेरची भिंत भाडेकरूची कशी होईल? त्या १२ हजारांत तुम्ही एक रुपया देऊ नये असं माझं मत. फोटो असेल तर इथे टाका.

बाथरूमचं दार: साधं फ्लश डोअर असेल, खालून प्लाय फुगली असेल. बाथरूमला वॉटरप्रूफ दार न बसवता लाकडी बसवलं तर ते गोव्यात पाच-सहा वर्षांत फुगतंच, त्यात तुम्ही काय पाप केलं. हां, खालचा भाग लाथेने फुटलाय असं असेल तर वेगळं.

आता ओटा. सिंकसाठी ग्रॅनाइट कापतात ना, तिथे पुढच्या बाजूला चार बोटांची पट्टी उरते, ती सगळ्यात कमजोर. खाली आधार नीट नसेल तर जड कुकर आपटला तरी चीर जाते. म्हणून मी विचारतो, खाली कडप्पा आहे का आणि सिंकच्या कडेला सपोर्ट आहे का ते बघितलंय का कोणी? तरी पण तुम्ही नारळ आपटलाय, तर जबाबदारी तुमची धरून चालू. पण पूर्ण ओटा का बदलायचा? सिंककडचा तुकडा बदलता येतो, जोड सिंकच्या रेषेत घेतला तर कळतसुद्धा नाही. शेड थोडी इकडेतिकडे होईल एवढंच. बावीस हजार हे अख्ख्या ओट्याचं झालं, तुम्ही तोडला एक कोपरा.

सिलिंगबद्दल मात्र बोलायला जागा नाही तुम्हाला बाब. जिप्समची शीट पातळ पत्र्याच्या चॅनलला स्क्रूने अडकवलेली असते, ती स्वतःचं वजन धरते तेवढंच. माटोळी म्हणजे लाकडी चौकट, वर नारळ, घड, फळं, किती किलो झालं? हूक स्लॅबला मारायचा, सिलिंगला भोक पाडून अँकर वर स्लॅबमध्ये न्यायचा. एवढं असूनही एक कोपरा पडला तर एक शीट आणि रंग, अख्खा हॉल नव्हे. चौरस फूट मोजून घ्या. माप न घेता लिहिलेलं बिल मी स्वतःच्या बायकोलाही देत नाही.

गीझरला हसू आलं. खाऱ्या नाही तर क्षाराच्या पाण्यात टाकी सडते, त्याचं वय विचारा.

सरळसोट, पर्वरी

एवढं काय चर्चा करताय, मालक धमकी देतोय तर पोलीस कम्प्लेंट ठोका. नाहीतर तोच ठोकेल तुमच्यावर, प्रॉपर्टीचं नुकसान म्हणून. माझ्या मित्राला असंच पोलीस स्टेशनला बोलावलं होतं.

कोर्टाची_पायरी, म्हापसा

सरळसोट, तसं नका करू. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे, मालमत्तेची खोडी, मिस्चिफ. पण त्यात नुकसान करायचा हेतू लागतो किंवा आपण करतोय त्याने नुकसान होणारच हे माहीत असायला लागतं. रागाने जाताना नळ उपटून नेले, संडासात सिमेंट ओतलं, असं केलं तर लागेल, आणि नुकसान लाखाच्या वर गेलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आरतीला माटोळी पडली यात हेतू कुठला आला? ठाण्यावर सांगतील हे दिवाणी आहे, आणि ते बरोबरच सांगतील. मित्राला बोलावलं असेल तर काहीतरी आणखी असणार, तुम्ही अर्धी गोष्ट सांगताय.

भाड्याचा_संसार, मालक कोर्टात गेलेच तर एवढ्या रकमेचा दावा सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनकडे जाईल, करार मोडल्याच्या भरपाईला मुदत तीन वर्षं. तीच मुदत तुम्हालाही आहे डिपॉझिट मागायला. पण त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी नाही, तडजोड झाली की तिला डिक्रीचं, म्हणजे कोर्टाच्या हुकमाचं, बळ, वर अपील नाही. तुमच्या बायकोचं नाव करारात असेल तर तिला विधी सेवा कायद्याखाली वकील फुकट मिळतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

आणि एक गैरसमज आत्ताच काढते कारण कोणीतरी येईलच बोलायला: केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अॅक्ट मंजूर केला, त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नको, आणि दुरुस्त्यांची वाटणीही आहे, रंगकाम, वायरिंग, पाइप मालकाचं, नळाचे वॉशर, स्विच, गीझरची दुरुस्ती, खिडकीची काच भाडेकरूची. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय कोर्टात तो चालत नाही. बोलणी करताना समोर ठेवायला चांगला, एवढंच. आणि त्यात गीझरची दुरुस्ती तुमच्या बाजूला टाकलीय हे मालकाने वाचलं तर काय कराल? म्हणून जपून.

पावसाळी_बेडूक, डिचोली

मध्येच विचारतो, गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे ना? मग हे इंग्रजांच्या काळचे कायदे कसे लागतात. आणि दुसरं, माझ्या भाड्याच्या दुकानात समजा शॉर्टसर्किटने आग लागली तर ते पण मीच भरायचं का, वायरिंग मालकाच्या आजोबांच्या काळची आहे.

कोर्टाची_पायरी, म्हापसा

१८६७ चा कोड इथे लग्नानंतरची मालमत्ता अशा गोष्टींसाठी उरलाय. भाडेकराराला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी आणि करार कायदाच.

आगीचं: कारण काय, यावर सगळं आहे. जुनी वायरिंग जळाली, तुमचा हात नाही, तर ते तुमचं नुकसान म्हणून तुमच्या गळ्यात येत नाही. उलट आग, वादळ, पूर यांनी जागेचा मोठा भाग कायमचा वापराबाहेर गेला तर भाडेकरूला करार संपवायचा पर्याय आहे, १०८ (ई). पण तुम्ही एका सॉकेटवर तीन फ्रीज आणि वेल्डिंग मशीन लावलं आणि त्याने पेटलं तर तो पर्यायही गेला आणि भरपाईही बसली. वायरिंग जुनी आहे हे मालकाला आजच लेखी कळवा. आज म्हणजे आज.

पावसाळी_बेडूक, डिचोली

तीन नाही हो, दोनच फ्रीज. कळवतो.

शेवटचं घर_म्हापसा

चिरा_आणि_चुना, बुरशीचं तुमचं पटलं, पण एवढं लिहा की ती बुरशी वर्षानुवर्षं न पुसता ठेवली तर पेंट खातेच. ती पुसायची जबाबदारी राहणाऱ्याची. मालक येऊन तुमच्या कपाटामागे फडकं मारणार नाही.

चिरा_आणि_चुना, मडगाव

हे मान्य. कपाट भिंतीला चिकटवून ठेवतात ही अर्धी बोंब. चार बोटं सोडा म्हणतो तर म्हणतात जागा जाते.

भाड्याचा_संसार, फोंडा

पाच आठवड्यांनी लिहितोय, काय झालं ते सांगायला हवं ना.

मी आधी एक साधं पत्र लिहिलं, वकिली भाषा नाही, मराठीतच, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्ही. त्यात ओटा आणि सिलिंगचा कोपरा आणि हत्तीची भिंत मी देतो असं पहिल्याच ओळीत लिहिलं. हे कोर्टाची_पायरी ताईंनी मला मेसेज करून सुचवलं होतं, की आपली चूक आधी मान्य करा, मग बाकीचं नाकारताना तोंड उजळ राहतं. बायको म्हणाली वेडा झालायस का कबूल काय करतोस. पण उपयोग झाला. खाली बेडरूमच्या भिंतीचे तीन फोटो तारखेसकट, मालकांचा "पाऊस संपला की बघूया" वाला मेसेज, आणि एवढंच विचारलं की बिलांच्या पावत्या आणि गीझर कधी घेतला ते पाठवा.

दोन आठवडे काहीच नाही. मग मेहुण्याचा फोन, शनिवारी घरी या. गेलो तर तिथे ओटा तसाच, सिलिंग तसंच, म्हणजे काम झालेलंच नव्हतं, बिल सगळं हवेतलं. मी टेप घेऊनच गेलो होतो. सिलिंगचा पडलेला भाग मोजला, कोपरा आणि शेजारची शीट. ओट्याखाली वाकून बघितलं तर चिरा_आणि_चुना बाब म्हणाले तसंच, सिंकच्या पुढच्या पट्टीखाली आधार काहीच नाही, नुसती हवेत. मेहुण्याला दाखवलं, तो पण वाकला, मग आम्ही दोघं ओट्याखाली डोकं घालून बसलो होतो पाच मिनिटं. बाहेर आल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला होता.

शेवटी ठरलं असं, ओट्याचा तुकडा ९ हजार, सिलिंग ११ हजार, हत्तीची भिंत ३ हजार. टोटल २३. पेंटिंग, वॉटरप्रूफिंग, दार, गीझर, सफाई सगळं गेलं. मला २२ हजार परत. सिलिंगचे ११ जरा जास्त वाटले मला, पण भांडायचं कुठवर, आणि माटोळी माझीच होती. एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, "यापुढे एकमेकांकडे काही येणं नाही" हे वाक्य ताईंनी दिलं तसंच लिहिलं. १२ हजार जीपेवर लगेच आले. उरलेले १० चवथीच्या आधी देतो म्हणालेत. बघू.

नवीन घर कुर्टीला मिळालं. सामान आणायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, नळ सोडून, पंखे लावून, दारं उघडून बंद करून, बाथरूमच्या दाराचा खालचा भाग बसून काढला, गीझरवरचा स्टिकर वाचून दाखवला, आणि तिथेच मालकीणबाईंना व्हॉट्सॅप केला. त्या जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, तुम्ही चॅनलवाले का हो?

सगळ्यांना देव बरे करू.

चिरा_आणि_चुना, मडगाव

माटोळीला वर हूक आहे का ते बघितलंस का पण?

भाड्याचा_संसार, फोंडा

आहे. स्लॅबमध्ये, जुना लोखंडी, चारी बाजूंना. लोंबकळून बघितलं. त्याचाही व्हिडिओ आहे.